साध्या मंगळवारी मूल कुणाकडे असेल?

घटस्फोटासाठी वकिलाकडे गेलेले आई-वडील खुर्चीत टेकतात न टेकतात तोच विचारतात, "मूल मला मिळेल ना?" न्यायाधीशांच्या टेबलावर मात्र वेगळाच प्रश्न असतो. या मुलाचा साधा मंगळवार कसा जातो? सकाळी कोण उठवतं, डबा कोण भरतं, रिक्षावाल्या काकांचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे, ताप आला की रजा कोण टाकतं, प्रगतिपुस्तकावर सही कुणाची असते? कितीही कागद दाखल झाले तरी मुलाच्या ताब्याची प्रकरणं शेवटी या तपशिलांवर येऊन ठेपतात. नवरा म्हणून किंवा बायको म्हणून कोण किती वाईट होतं, याला तिथे लोकांना वाटतं त्यापेक्षा बरीच कमी किंमत आहे.

हे आधी सांगायचं कारण असं, की बहुतेक जण तयारी नेमकी उलटी करतात. जोडीदाराच्या चुकांची फाइल जाडजूड असते आणि मुलाच्या दिनक्रमाबद्दल चार ओळी.

ऐकीव कायदा आणि खरा कायदा

प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताब्याच्या कायद्याचा एक तज्ज्ञ बसलेला असतो. त्याच्या मते मुलगा सात वर्षांचा झाला की बापाचा, मुलगी आईची; आई कमावत नसेल तर तिला ताबा मिळत नाही; दुसरं लग्न केलं की मूल गेलंच. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

हिंदूंसाठी (यात कायद्याने बौद्ध, जैन आणि शीखही येतात) १९५६ चा अज्ञानत्व (म्हणजे अठरा वर्षांखालचं वय) व पालकत्वाचा कायदा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मूल आपोआप वडिलांकडे जातं, असं त्यात कुठेही नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वांत वर, बाकी सगळं त्याच्या खाली. सात वर्षांची जी गोष्ट कानावर येते ती मुस्लिम कायद्याच्या हनफी परंपरेतली आहे. तिथे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईचा हक्क मानतात. पण तिथेही न्यायालय मुलाचं हित पाहतंच. ख्रिश्चनांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे, नोंदणी विवाह केलेल्यांसाठी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं कलम ३८. धर्म कुठलाही असो, पालकत्वाचा अर्ज १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली करता येतो. सव्वाशेहून जास्त वर्षं जुना हा कायदा आजही रोज वापरात आहे.

वडील नैसर्गिक पालक आणि त्यांच्यानंतर आई, अशी कलम ६ ची भाषा आहे. तिचा आधार घेऊन शाळा-बँकांनी आयांना बरीच वर्षं दारातून परत पाठवलं. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडील हयात असले, तरी ते मुलाकडे पाहत नसतील तर आईच नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. दुसऱ्या लग्नाचं म्हणाल, तर तो विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे. तेवढ्या एका कारणावर कुणी अपात्र ठरत नाही. व्यभिचाराचा आरोप घटस्फोटासाठी चालेल, पण आईचा ताबा काढून घ्यायला तो पुरेसा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. आणि पगार? आई कमावत नसेल तर वडिलांनी मुलाची पोटगी द्यायची, हेच त्याचं उत्तर आहे. ज्याचा पगार जास्त त्याच्याकडे मूल, असा हिशेब कायद्यात नाही.

एक फरक लोक विसरतात. ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आईकडे राहतं म्हणून वडिलांचं पालकपण संपत नाही. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडे आजोबांनी नातवाच्या नावावर केलेली जमीन असते. ती विकायची तर मूल कुणाकडेही राहत असो, न्यायालयाची परवानगी लागते.

अर्ज कुठे करायचा

नाशिकला कौटुंबिक न्यायालय आहे, म्हणजे आपल्या बोलण्यातलं फॅमिली कोर्ट. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने ही न्यायालयं आली. घटस्फोट, ताबा, पोटगी हे सगळं त्यांच्यासमोर एकत्र चालतं. पण त्यांची हद्द शासनाच्या अधिसूचनेने ठरलेली असते. हद्दीबाहेरच्या तालुक्यातली प्रकरणं दिवाणी न्यायालयाच्या वरिष्ठ स्तरावर किंवा जिल्हा न्यायालयात जातात. तेव्हा सिन्नर, येवला, मालेगावकडच्या लोकांनी वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा, की माझा अर्ज नेमका कुठे पडणार?

घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर ताब्यासाठी वेगळं प्रकरण करावं लागत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात अर्ज देता येतो. दावा चालू नसेल तर पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा, आणि तो मूल जिथे सर्वसाधारणपणे राहतं तिथेच. समजा, मूल इंदिरानगरच्या शाळेत होतं आणि भांडणानंतर आई त्याला घेऊन जळगावला माहेरी गेली. वाद इथूनच सुरू होतो. महिनाभर आजोळी राहिल्याने मुलाचं राहण्याचं ठिकाण बदलतं का, यावर वकील तासभर बोलू शकतात. दोन जिल्ह्यांत दोन प्रकरणं पडली तर ती एकत्र आणण्यासाठी उच्च न्यायालयात प्रकरण वर्ग करण्याचा अर्ज करावा लागतो.

मूल घेऊन गेले म्हणून रात्री पोलीस ठाण्यात धावणाऱ्यांची निराशा होते. ताब्याचा कुठलाही आदेश नसताना आई किंवा वडील आपल्याच मुलाला घेऊन गेले, तर पोलीस सहसा ते अपहरण मानत नाहीत. ते नोंद करून घेतात आणि न्यायालयात जा म्हणतात. अगदी टोकाच्या परिस्थितीत उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करायला लावण्याची, याचिका करता येते. महाराष्ट्रातल्याच तेजस्विनी गौड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते मान्य केलं. पण तो अपवादाचा मार्ग आहे. नेहमीचा मार्ग म्हणजे दावा दाखल करतानाच तातडीचा अंतरिम अर्ज देणं.

वकिलाबद्दल थोडं. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ मुळे त्यासाठी परवानगी मागावी लागते, आणि ती बहुधा मिळते. पैसे नसतील तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठावं. स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुरुषांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

समुपदेशकाची खोली

प्रकरण दाखल होऊन समोरच्याला नोटीस लागली, की साक्षी-पुराव्याआधी दोघांना समुपदेशकाकडे पाठवतात. तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे, कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम ९ तसं सांगतं. अनेकांना ही खोली म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. माझं मत नेमकं उलटं आहे. मुलाच्या बाबतीत तारखांमागून तारखांत जे होत नाही ते या खोलीत तासाभरात होऊ शकतं, कारण इथे साक्षीदार नसतात, उलटतपासणी नसते आणि बोलताना कुणी टिपून घेईल ही धास्ती कमी असते.

कमी असते असं म्हटलं, कारण ती पूर्ण जात नाही. नवरा-बायकोच्या तडजोडीचं बोलणं गोपनीय राहतं. पण मुलाशी बोलून समुपदेशकाने दिलेला अहवाल ताब्याचा निर्णय करताना न्यायालय वाचू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने पेरी कन्सागरा प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलं. तेव्हा तिथे जाताना मुलाला पढवून नेऊ नका. "पप्पांकडे गेलं की मला भीती वाटते, असं सांग" हे वाक्य पाठ केलेलं मूल समुपदेशकाला दोन मिनिटांत कळतं. वाक्य आईचं, शब्द आईचे, आणि पुढचा साधा प्रश्न विचारला की मूल दाराकडे बघतं. नुकसान होतं ते पढवणाऱ्याचंच.

न्यायाधीशही अनेकदा मुलाशी चेंबरमध्ये एकटं बोलतात. समजूतदार मत देण्याइतकं मूल मोठं असेल तर ते मत विचारात घ्यावं असं कायदा म्हणतो. त्यासाठी ठरावीक वय दिलेलं नाही. मुलाने एक नाव घेतलं म्हणजे निकाल लागला असंही नाही. ज्या घरात अभ्यासाला बसवत नाहीत आणि मोबाइल हातात देतात, ते घर नऊ वर्षांच्या मुलाला आवडणारच, एवढं न्यायाधीशांना ठाऊक असतं.

एका पालकाकडे राहून दुसऱ्याविषयी मुलाचं मन कलुषित होण्याच्या धोक्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विवेक सिंग प्रकरणात घेतली. त्यानंतर हा आरोप प्रत्येक अर्जात दिसायला लागला. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला बजावावं लागलं की असा शिक्का उठसूट कुणावर मारू नका, आधी मुलाच्या वागण्यात नेमकं काय घडलं ते दाखवा.

कुठले कागद कामाचे

कौटुंबिक न्यायालयात पुराव्याचे नियम जरा सैल आहेत. त्या न्यायालयांच्या कायद्यातल्या कलम १४ मुळे वाद मिटवायला उपयोगी पडणारा कुठलाही कागद न्यायालय पाहू शकतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीने एकमेकांचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक प्रकरणात पुरावा म्हणून येऊ शकतं असं ठरवलं. झालं, तेव्हापासून प्रत्येकाचा फोन सतत चालू.

घटस्फोटाच्या मुद्द्यावर या रेकॉर्डिंगचा उपयोग होत असेलही. ताब्यासाठी त्यापेक्षा लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची फाइल, शाळेच्या फीच्या पावत्या, पालकसभेची नोंद, ट्यूशनच्या बाईंचे मेसेज यांचं वजन जास्त. मुलाच्या आयुष्यात तुम्ही रोज होता, हे त्यातून दिसतं. रडणाऱ्या मुलाला "बोल, मम्मीने काय केलं?" असं विचारत काढलेला व्हिडिओ तर कृपा करून दाखल करू नका. त्यात मुलाचं रडणं जितकं ऐकू येतं तितकाच विचारणाऱ्याचा आवाजही.

अंतरिम आदेश, म्हणजे अर्धं प्रकरण

अंतिम निकालाला वेळ लागतो. घटस्फोटाचा दावा सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. बोर्डावरची प्रकरणांची संख्या पाहिली की तो आकडा कागदावरच का राहतो ते कळतं. म्हणून मधल्या काळासाठी मूल कुणाकडे, दुसऱ्याने कधी भेटायचं आणि खर्च कुणी द्यायचा, याचा अंतरिम आदेश फार महत्त्वाचा. मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणखर्चाचा अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्येच लिहिलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा.

अंतरिम आदेशाकडे "आत्तापुरतं आहे" म्हणून दुर्लक्ष करणं महागात पडतं. दोन वर्षं मूल एका घरात, एका शाळेत रुळलं की अंतिम निकालाच्या वेळी न्यायालय ती घडी सहसा मोडत नाही. त्यामुळे ज्याला मुलाच्या आयुष्यात राहायचं आहे त्याने भेटीचा अर्ज पहिल्याच तारखांना द्यावा आणि मिळालेली प्रत्येक भेट पाळावी. लांबून मोठ्या हक्काच्या गप्पा मारणारा आणि ठरलेल्या शनिवारी न येणारा पालक रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, नोंदला जातो.

सुरुवातीला तणाव फार असेल तर भेट न्यायालयाच्या आवारात, मुलांसाठी राखलेल्या खोलीत होते. दुसरा आणि चौथा शनिवार न्यायालयाला सुट्टी, म्हणून अशा भेटी सहसा पहिल्या-तिसऱ्या शनिवारी ठेवतात. खेळण्यांच्या त्या खोलीत बसून मुलाशी काय बोलावं हे अनेक वडिलांना सुचत नाही, आणि मुलाला तर नाहीच नाही. घरून एखादा पत्त्यांचा डाव, चित्रांची वही किंवा त्याची आवडती शेंगदाण्याची चिक्की न्यावी. "मम्मी घरी काय म्हणते?" एवढं मात्र विचारू नये.

वेळापत्रक लिहिताना कंजूषपणा नको

खरी मेहनत इथे आहे. दोघांचं पटलं तर तडजोडीची पुरसिस किंवा कन्सेंट टर्म्स, म्हणजे ठरलेल्या अटींचा लेखी कागद, दाखल होतात. संमतीच्या घटस्फोटात तर त्या लागतातच. वर्षभर वेगळं राहिल्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज होतो आणि पुढे सहा महिने थांबावं लागतं. समेटाची शक्यता उरली नसेल आणि ताबा-पोटगी ठरलेली असेल तर ती मुदत माफ होऊ शकते, हे अमरदीप सिंग प्रकरणाने २०१७ मध्ये स्पष्ट झालं. पण लवकर सुटण्याच्या घाईत मुलाबद्दल एकच ओळ लिहिली जाते: "अज्ञान मुलाचा ताबा आईकडे राहील व वडील सोयीनुसार भेटतील." सोय कुणाची? पुढची दहा वर्षं भांडण त्या एका शब्दावरून होतं.

म्हणून कागदावर तपशील येऊ द्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीवर असलेल्याची सुट्टी रविवारीच असेल असं नाही, आणि पाळी दर आठवड्याला बदलते. मग "दर रविवारी" असं लिहून उपयोग काय? कारखान्यातल्या पाळ्यांचं महिन्याचं वेळापत्रक कळलं की अमुक तारखेपर्यंत मेसेज करायचा, त्यातले दोन दिवस भेटीचे, असं लिहा. वडील निफाडचे द्राक्षबागायतदार असतील तर ऑक्टोबरच्या छाटणीत आणि जानेवारीपासूनच्या तोडणीच्या महिन्यांत त्यांना बाग सोडवत नाही. त्यांच्या वाट्याला मे महिना जास्त द्यावा. नोकरीसाठी मुंबईला गेलेले वडील सकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरून रात्री परत जाणार असतील, तर दोन तासांची भेट त्यांच्या काय कामाची? त्यांना महिन्यातून एकदा, पण मुक्कामाची भेट हवी.

सण असेच नावानिशी वाटून घ्यावेत. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, हे सगळे लिहितात. पण लक्ष्मीपूजन कुणाकडे, भाऊबीज कुणाकडे? आत्या एका बाजूला आणि मामा दुसऱ्या बाजूला, दोघांनाही मूल हवं असतं. एक वर्ष आड अदलाबदल हा सर्वांत कमी भांडणाचा उपाय आहे. बाहेरगावच्या वकिलाने "होळी व धुळवड" असं लिहून दिलं, तर तिथे रंगपंचमी घालायला सांगा. आपल्याकडे रंग तेव्हा खेळतात, आणि रहाडीवर (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर) जायचं असतं ते मुलाला पप्पांबरोबर किंवा मामाबरोबर, कोर्टाच्या परवानगीबरोबर नव्हे. वाढदिवस, गणपती, आजीचं श्राद्ध, चुलत बहिणीचं लग्न यांसाठीही एक ओळ हवी. सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७ मध्ये येत आहेत. पंचवटीत राहणाऱ्यांनी त्या दिवसांपुरती मुलाला घ्यायची-सोडायची जागा आधीच वेगळी ठरवावी, कारण रामकुंडाकडचे रस्ते तेव्हा वाहनांना मिळत नाहीत.

घ्यायची-सोडायची जागा हा नेहमीसाठीही कळीचा मुद्दा आहे. एकमेकांच्या दारात जाऊन बेल वाजवली की जुनी भांडणं जिन्यातच पेटतात. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, शाळेचं फाटक, दोघांना चालणाऱ्या मावशीचं घर, अशी मधली जागा बरी. किती वाजेपर्यंत वाट पाहायची, उशीर झाला तर काय, मूल आजारी पडलं तर बदली दिवस कोणता, हेही लिहा. रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ द्या. २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूल लांब राहत असेल तर दुसऱ्या पालकाशी व्हिडिओ कॉलवर रोज संपर्क ठेवता यावा, आणि दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. कॉलच्या वेळी दुसऱ्याने खोलीत उभं राहू नये, असं मी तरी आवर्जून लिहायला लावेन.

शाळा बदलायची असेल, गाव बदलायचं असेल, मोठं ऑपरेशन असेल किंवा पासपोर्ट काढायचा असेल, तर दुसऱ्याची लेखी संमती लागेल की नाही हे ठरवून टाका. एकाने न सांगता शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि जूनमध्ये मूल दुसऱ्याच गावच्या शाळेत बसलं, हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. आदेशाची एक नक्कल शाळेच्या मुख्याध्यापकांकडे दिली तर त्यांचीही अडचण संपते; फाटकावर दोन पालक भांडताना शिपायाने कुणाचं ऐकायचं, ते त्यात लिहिलेलं असतं.

संयुक्त ताबा, म्हणजे मूल दोन्ही घरांत विभागून राहणं, आपल्या कायद्यात नावानिशी नाही. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात त्याची शिफारस केली होती. तसा कायदा झालेला नसला तरी दोघांना मान्य असेल तर न्यायालय तशी व्यवस्था मंजूर करू शकतं. दोन्ही घरं एकाच शाळेच्या रिक्षाच्या टप्प्यात असतील तरच ती टिकते, असं माझं मत. एक घर गंगापूर रोडला आणि दुसरं देवळालीला असेल तर मुलाचा निम्मा वेळ त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलवर जाईल.

जिथे मारहाण आहे

वर सांगितलेला समजूतदारपणा दोन सुरक्षित पालकांसाठी आहे. घरात मारहाण होत असेल, मुलाला इजा झाली असेल, दारू पिऊन मुलाला गाडीवर नेलं जात असेल, तर "अर्धी-अर्धी सुट्टी" करत बसू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि मुलाला धोका वाटला तर भेट नाकारू शकतात. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तातडीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि मुलांसाठी १०९८ आहे. दवाखान्याचे कागद त्याच दिवशीचे हवेत, पुढच्या महिन्याचे नव्हेत. आणि हाच कायदा खोट्या तक्रारीसाठी वापरला तर उलटतपासणीत ती तक्रार ताब्याच्या प्रकरणालाही बुडवते.

पैसे आणि भेट यांची गाठ बांधू नका

"पोटगी देत नाही, मग मूल भेटणार नाही." "मूल भेटवत नाही, मग पोटगी देणार नाही." कोर्टाच्या बाकावर ही दोन वाक्यं रोज ऐकू येतात, आणि दोन्ही चूक आहेत. पोटगी मुलाच्या जेवणाची आणि शाळेची आहे, भेट मुलाच्या मनाची. एक बंद पडली म्हणून दुसरी थांबवायचा अधिकार कुणालाच नाही. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज आहेत.

रकमेसाठी २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. शपथपत्रात बाग, भाड्याची खोली, भिशी लपवणाऱ्यांचं पुढे बँकेच्या स्टेटमेंटवरून फार वाईट होतं. रक्कम मागताना फी, बस, दप्तर, क्लास, औषधं, सणाचे कपडे असा खर्चाचा तक्ता द्यावा, आणि दरवर्षी किती वाढ हेही मागावं; पहिलीची फी आणि आठवीची फी एक नसते. संमतीच्या घटस्फोटात आईने "मुलासाठी काही नको" असं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही. थकबाकीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचं १२५) वसुलीचा अर्ज करता येतो. तिथे वॉरंटपासून तुरुंगापर्यंतची तरतूद आहे.

आदेश मोडला, किंवा आयुष्यच बदललं

आदेश असूनही मूल भेटवत नसतील तर तारीख, वेळ, जागा आणि पाठवलेला मेसेज यांची नोंद ठेवत जा. एखादी भेट हुकली म्हणून लगेच धावू नये; सलग हुकायला लागल्या की अर्ज करावा. अंतिम आदेशाची अंमलबजावणी दरखास्तीने होते. गरज पडली तर न्यायालय चुकलेल्या भेटींच्या बदल्यात जास्तीचे दिवस देतं, ताकीद देतं, अवमानाची कारवाईही होऊ शकते. उन्हाळी सुट्टीच्या भेटीचा अर्ज मार्चमध्येच द्या. एप्रिलअखेर दिला तर समोरचा म्हणणं देण्यासाठी मुदत मागतो आणि सुट्टी संपते.

निकाल मान्य नसेल तर कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम आदेशावर मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे अपील होतं. कौटुंबिक न्यायालय कायद्यात मुदत ३० दिवसांची आहे. हिंदू विवाह कायद्याखालच्या प्रकरणांना ९० दिवस मिळतात, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ठरवलं. पण आपल्या प्रकरणाला कुठली मुदत लागू हा वाद ओढवून घेण्यापेक्षा ३० च धरून चालावं, आणि निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकावा. अंतरिम आदेशावर मात्र असं अपील नाही. त्यासाठी रिट याचिका करावी लागते. पुढची तारीख आणि त्या दिवसाचा आदेश ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की दिसतो. त्यामुळे "वकील काही सांगत नाहीत" ही तक्रार आता निम्मी तरी कमी व्हायला हरकत नाही.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. आईची बदली पुण्याला झाली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आजी गेली आणि दुपारी मुलाकडे पाहणारं कुणी उरलं नाही, किंवा मूल चौदा वर्षांचं होऊन स्वतःच म्हणायला लागलं की मला आता बाबांकडे राहायचं आहे, तर त्याच न्यायालयात बदलाचा अर्ज करता येतो. परिस्थिती नेमकी काय बदलली आणि त्याने मुलाचं काय होतं, एवढंच त्या अर्जात लागतं. जुनी फाइल परत पहिल्या पानापासून वाचायला लावू नका. मूल अठरा वर्षांचं झालं की ताब्याचा प्रश्नच संपतो. अविवाहित मुलीचा पोटगीचा हक्क हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली त्यानंतरही चालू राहू शकतो, पण त्यासाठीचा अर्ज तेव्हा तिला स्वतःच्या नावाने करावा लागतो.